मुक्काम पोस्ट दलदल

"तुमच्या दारातून काय दिसतं?"

आमच्या शेजारच्या इंग्रज म्हाताऱ्याने आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. नाव नाही, गाव नाही, कुठून आलात नाही. हॉलंडमधल्या आर्नहेमच्या अलीकडच्या एका गावात आम्ही राहायला आलो, त्या दिवशी वॉशिंग मशीनच्या एका टोकाला माझा नवरा नीलेश होता, दुसऱ्या टोकाला मी, आणि मशीन दारात अडकलेलं. समोर एक उंच, जरासा वाकलेला गृहस्थ उभा. पायात रबरी बूट, हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा आणि पेन्सिल. मी धापा टाकत म्हटलं, "कुंपण दिसतं. बस स्टॉप दिसतो. आणि आत्ता तुम्ही दिसताय." त्यांनी तिन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मग पेन्सिल कानावर ठेवून मशीनला हात लावला, डावीकडून जरा तिरकं करा म्हणाले, आणि मशीन आत गेलं.

त्यांचं आडनाव मार्श. उभं आयुष्य वाखनिंगनच्या शेती विद्यापीठात मातीचा अभ्यास करण्यात गेलेलं. पाणी साठणाऱ्या जमिनी हा त्यांचा विषय. चाळीसेक वर्षांपूर्वी इंग्लंडहून नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. लग्न केलं नाही. भाऊ नाही, बहीण नाही. आमचं सगळं बोलणं इंग्रजीतच व्हायचं; इथे ते मी माझ्या मराठीत सांगतेय.

पहिल्यांदा आम्ही त्यांच्या घरी चहाला गेलो तेव्हा घरात पुस्तकांपेक्षा बुटांची खोकी जास्त होती. खोक्यांत बूट नव्हते, पुठ्ठ्याची कार्डं होती. एका कार्डावर एक माणूस. नाव, जन्म, गाव, आणि खाली एक रकाना: दारातून काय दिसतं. ही सगळी माणसं मार्श आडनावाची. जिवंत, मेलेली, शंभर वर्षांपूर्वीची, पाचशे वर्षांपूर्वीची. भिंतीवर इंग्लंडचा नकाशा आणि त्यावर टाचण्या. परत येताना नीलेश म्हणाला, "अगं, हा तर आपला तलाठी!" आणि तलाठ्याला आपल्याकडे गावात काय म्हणतात? भाऊसाहेब. त्या दिवसापासून घरात ते भाऊसाहेब झाले. पुढे एकदा आमच्या लेकीने, रेवाने, हे गुपित त्यांच्यासमोर फोडलं. मी ओशाळले. त्यांनी शांतपणे विचारलं, "हा माणूस काय करतो?" मी सांगितलं की कोणाची जमीन कुठे, कोणत्या ओढ्याच्या कडेला, कोणत्या बांधाला लागून, हे तो लिहून ठेवतो. "चांगलं काम आहे," ते म्हणाले. आणि लगेच, "पण तो स्वतः जाऊन बघतो ना?" मी विषय बदलला.

स्वतः जाऊन बघणं हे त्यांचं दैवत. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. सुट्टी मिळाली की हा माणूस इंग्लंडला जायचा आणि जुन्या कागदात सापडलेल्या कुठल्यातरी मार्शचं घर जिथे असेल तिथे उभं राहून बुटाची टाच जमिनीत रोवायचा. टाचेभोवती पाणी चढलं तर कार्डावर बरोबरची खूण. नाही चढलं तर प्रश्नचिन्ह. हीच सवय इथेही. फिरायला निघाले तरी मध्येच थांबून टाच दाबत. गावातल्या लोकांना वाटायचं म्हाताऱ्याच्या गुडघ्यात काहीतरी अडचण आहे.

मार्श म्हणजे दलदल, पाणथळ जमीन. आडनावं पडायला लागली त्या काळी इंग्लंडात नुसतं विल्यम म्हणून भागेना, कारण गावात पाच विल्यम. मग टेकडीवरचा विल्यम, पुलाजवळचा विल्यम, दलदलीजवळचा विल्यम. पुढे विल्यम गेला, त्याची पोरं गेली, दलदलीसुद्धा बुजल्या, आणि आडनाव तेवढं राहिलं. मी आपलं सहज म्हटलं, "म्हणजे हे सगळे मार्श तुमचे भाऊबंद." त्यांनी मान हलवली. "अजिबात नाही. दलदली इंग्लंडभर होत्या. प्रत्येक दलदलीजवळ एक विल्यम होता. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे आडनाव म्हणजे कूळ नाही, मिसेस चिखलीकर. पत्ता आहे."

मला ते कायम मिसेस चिखलीकर म्हणत. खरं तर चिखलीकर हे माझं माहेरचं आडनाव. लग्नानंतर पासपोर्ट बदलायचा कंटाळा केला आणि इकडे नगरपालिकेत तेच नाव लागलं. सासूबाईंनी त्याबद्दल दोन वर्षं नाक मुरडलं. आडनावावरून माणूस ताडण्याची आपल्या लोकांची हौस मला इथेही चुकली नव्हती. रायस्वाइकला मराठी मंडळाच्या गणपतीत गेलं की कोणीतरी वाटी पुढे करता करता विचारणारच: "चिखलीकर म्हणजे कुठले? कोणती चिखली? मूळ आडनाव काय?" कोणत्या खणात ठेवायचं ते कळेपर्यंत आमटीसुद्धा गिळत नाहीत. भाऊसाहेब आडनावांचेच खण घेऊन बसले होते, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. दारातून काय दिसतं? एवढंच. त्याने ना कोणी वर जायचं, ना खाली. मला तो माणूस आवडायला लागला त्याचं हे एक कारण.

नकाशावरच्या टाचण्यांबद्दल मी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला होता. खाडीच्या, नदीच्या बाजूला त्या दाट असतील असं मला वाटलं होतं. दक्षिणेत आणि मधल्या भागात पुष्कळ होत्या, डोंगराळ भागात विरळ, हे ठीक. पण जिथे सगळा मुलूखच पाणथळ तिथेही फार नव्हत्या. भाऊसाहेब खूष झाले. "सगळं गाव दलदलीत राहत असेल तर दलदलीजवळचा म्हणून कोणाला ओळखणार? ज्या गावात एकच घर तिकडे असतं, त्याच घराला हे नाव पडतं. आम्ही मार्श लोक म्हणजे गावापासून जरा बाजूला राहिलेली माणसं." हे सांगताना आवाजात खंत नव्हती. हवामानाबद्दल बोलावं तसं ते बोलले. मी मात्र त्या दिवशी घरी येऊन त्यांच्यासाठी जास्तीची पोळी लाटली.

आता सप्टेंबरची गोष्ट. आमच्या भागात दुसऱ्या महायुद्धात फार मोठी लढाई झाली होती आणि त्यात मेलेल्या ब्रिटिश सैनिकांचं दफनस्थान सायकलने दहा मिनिटांवर आहे. दर सप्टेंबरात शाळेतली मुलं तिथे जातात, एकेक मूल एकेका थडग्यापाशी उभं राहतं आणि सगळी एकदम फुलं ठेवतात. रेवा त्या वर्षी पहिल्यांदा गेली होती. घरी येऊन नेहमीसारखी अर्धं डच, अर्धं इंग्रजी बोलत म्हणाली, "ममा, ओपा मार्श तिथे होता. फोल्डिंग चेअर घेऊन. एका स्टोनसमोर बसला होता. स्टोनवर पण मार्श लिहिलंय." इकडे आजोबाला ओपा म्हणतात, आणि आजोबाला अरेतुरे करतात हेही रेवा इथेच शिकली.

मी लगेच हिशेब जुळवला. काका असणार. वडिलांचा धाकटा भाऊ, तरणाताठा गेलेला. म्हणूनच हा माणूस इंग्लंड सोडून इथे येऊन राहिला. बाई गं! आणि नेमका पितृपक्ष चालू. माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी खीर केली, वडे तळले, भात आणि आळूऐवजी पालकाची भाजी केली आणि डबा घेऊन दफनस्थानावर हजर झाले. भाऊसाहेब खुर्चीवर बसले होते. पांढऱ्या दगडांच्या सरळ रांगा, कातरलेलं गवत, आणि त्यांच्यासमोर एक दगड. मी हळू आवाजात म्हटलं, "तुमच्या काकांसाठी आणलंय."

"काका नव्हे," ते म्हणाले. "नातं नाही. आडनाव एकच."

मी डबा हातात धरून उभी. "मग येता कशाला?" तोंडातून निघून गेलं. माझं हे असंच.

त्यांना राग आला नाही. शेजारच्या दगडांकडे बोट करून त्यांनी दाखवलं, खाली एकेक ओळ कोरलेली होती. आईवडिलांनी, बायकोने लिहून पाठवलेली. या दगडावर ओळच नव्हती. नोकरीला नवे असताना एका रविवारी वेळ जाईना म्हणून ते इकडे आले होते. स्वतःचं आडनाव दिसलं म्हणून थांबले, आणि मग ती कोरी जागा दिसली. सवयीप्रमाणे त्यांनी शोध घेतला. हा मुलगा अनाथाश्रमात वाढलेला. कोणत्या गावचा, ते तिथेही कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं. "चार हजार मार्श असतील माझ्या खोक्यांत," ते म्हणाले, "आणि ह्याच्या कार्डावर दारासमोरचा रकाना रिकामा आहे. म्हणजे ह्याच्याकडे कोणी येणार नाही हे उघड होतं. आमच्या नावाचं कोणीतरी यायला हवं." त्यानंतर त्यांनी एकही सप्टेंबर चुकवला नव्हता. मग टाच जमिनीत दाबून ते म्हणाले, "ही सगळी रेताड टेकडी. मार्श आडनावाचा माणूस आणि सबंध भागातली सगळ्यात कोरडी जमीन. निदान पाय तरी ओले होत नाहीत."

स्वयंपाक केलेला परत कसा न्यायचा? आम्ही तिथेच खायला बसलो. तेवढ्यात झाडावरून एक पक्षी उतरला. कावळ्याच्या जातीचा, थोडा लहान, मानेवर राखाडी. दोन उड्या मारत आला आणि माझ्या डब्याच्या झाकणावरचा वडा उचलून घेऊन गेला. मी "शिवला! शिवला!" म्हणून ओरडले. दोन रांगा सोडून उभ्या असलेल्या माणसांनी वळून पाहिलं. भाऊसाहेबांना मी शक्य तेवढं समजावून सांगितलं: मेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, शिवला म्हणजे तो समाधानी. ऐकता ऐकता त्यांनी चार वडे संपवले. मग खिशातून त्या मुलाचं कार्ड काढलं, कानावरची पेन्सिल घेतली आणि खालच्या बाजूला लिहिलं: खीर, वडे. पक्षी आला. पुढच्या वर्षापासून डबा माझा आणि खुर्ची त्यांची, असं न बोलता ठरलं.

अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी त्यांच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी सायकल बंद केली, मग बागकाम बंद केलं. दवाखान्यातल्या फॉर्मवर जवळचा नातेवाईक म्हणून कोणाचं नाव लिहायचं ते विचारलं, तेव्हा भाऊसाहेबांनी रेघ मारली. मी शेजारी बसले होते. मी फॉर्म ओढून घेऊन माझा फोन नंबर लिहिला. त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. स्वतःच्या मरणाची त्यांना काळजी नव्हतीच. काळजी एकच होती: आपल्यामागे त्या दगडाकडे कोण जाणार?

त्यासाठी त्यांनी खोकी उघडली. ज्या ज्या मार्शचा पत्ता होता त्या सगळ्यांना पत्रं लिहिली, पेन्सिलने, एकेक करून. इंग्लंड, कॅनडा, न्यूझीलंड. मजकूर साधा: आमच्या नावाचा एक मुलगा इथे आहे, वर्षातून एकदा यावं लागेल, खुर्ची मी देईन. पाकिटांवर पत्ते मी लिहिले. उत्तरं येत तेव्हा ते मला बोलावून मोठ्याने वाचून दाखवत. सगळी अगदी सभ्य. कोणी लिहिलं, कल्पना फार सुंदर आहे, पण आम्ही त्यांचे कोणी लागत नाही. कोणी लिहिलं, वकिलामार्फत संपर्क साधा. एका बाईंनी फुलांसाठी काही पाठवू का म्हणून विचारलं होतं. येते असं कोणीही लिहिलं नाही. प्रत्येक पत्रानंतर ते त्या त्या कार्डावर छोटी रेघ मारत. ती रेघ मारतानाचा त्यांचा चेहरा मला बघवत नसे.

शेवटी मी म्हटलं, "एवढं काय त्यात? मी जाईन की. नाहीतरी जातेच आहे."

ते म्हणाले, "तुम्ही दयाळू आहात. पण दयेने माणूस तीन वर्षं येतो. नावाने चाळीस वर्षं येतो."

मला संताप आला. सात वर्षं वडे तळले ते काय होतं? मी ताडकन म्हटलं, "मग ऐका. माझंही आडनाव तेच आहे. चिखली म्हणजे चिखलाची जागा. तुमच्या भाषेत सांगायचं तर मीही मार्शच." हे मला तिथल्या तिथे सुचलं होतं. तोवर जन्मात कधी मी आडनावाचा असा विचार केला नव्हता.

भाऊसाहेब खुर्चीत ताठ झाले. एवढ्या वर्षांत हे त्यांनी मला विचारलं कसं नाही, याचंच त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. पण लगेच तलाठी जागा झाला. "तुम्ही ती जागा बघितली आहे?"

नव्हती बघितली. चिखली नावाची गावं महाराष्ट्रात पैशाला पासरी. आमची म्हणतात ती बुलढाण्याची नव्हे, पिंपरीजवळची नव्हे. कऱ्हाडच्या पुढे कुठेतरी आडबाजूला आहे, एवढं बाबांच्या तोंडून ऐकलेलं. पणजोबा तिथून पुण्याला आले. बाबा स्वतः गेलेले नव्हते. पुण्यातल्या माणसाला मूळ गाव असतं ते सांगण्यासाठी. जायला कशाला लागतं?

"तर मग तो नुसता शब्द आहे," भाऊसाहेब म्हणाले, आणि चहा ओतायला उठले. मी चहा न घेता निघून आले.

त्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो तेव्हा मी बाबांना म्हटलं, चिखलीला जायचंय. "काय आहे तिथे?" ते म्हणाले. "तेच बघायचंय." भाड्याची गाडी केली. बाबा रस्ताभर पुटपुटत होते, हिला हॉलंडला पाठवली तर ही चिखल शोधत आली. गावात शिरल्यावर फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर चौकशी केली. टपरीवाला म्हणाला, "चिखलीकर? हितं कुणी न्हाई. हितं समदं जाधव न् यादव. चिखलीकर म्हंजी जे गेले ते. हितं ऱ्हायला असता तर तुमास्नी चिखलीकर कोन म्हनलं असतं?" बाबांनी चहाचा कप तसाच हातात धरला. सत्तर वर्षं लावलेलं आडनाव त्यांना त्या दिवशी नव्याने कळलं असावं.

"चिखल कुठंय?" मी विचारलं. टपरीवाल्याने आधी माझ्याकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्याने काठीने दाखवलं. देवळाच्या मागे जो सखल भाग आहे, तिथे पूर्वी दिवाळीपर्यंत पाणी असायचं, म्हशी बसायच्या. आता तिथे मंगल कार्यालय झालं होतं. "पर फरशी टिकत न्हाई," म्हातारा म्हणाला. "दर पावसाळ्यात वर येती. लगीन लागताना नवरा हिकडं घसरतो, नवरी तिकडं." आम्ही गेलो. कार्यालय बंद होतं. मागच्या बाजूला, भिंत आणि ऊस यांच्यामध्ये, गवताची एक पट्टी होती. मी उभी राहिले आणि उजव्या पायाची टाच जमिनीत रोवली. बाबा म्हणाले, "हे काय करतेस?" मी म्हटलं, "थांबा जरा." पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. हळूहळू माझ्या टाचेभोवती पाणी चढलं, गढूळ, गार, आणि बुटाच्या शिवणीतून आत आलं. मी फोटो काढला आणि वेड्यासारखी हसत सुटले. मग बाबांनीही चप्पल काढली आणि टाच दाबून पाहिली.

आम्ही परत आलो तेव्हा भाऊसाहेबांना वृद्धाश्रमात हलवलेलं होतं. वृद्धाश्रम म्हटलं की आपल्याला वाटतं तसं काही नव्हतं, स्वतंत्र खोली, मोठी खिडकी. खोकी मात्र चारच मावली होती. खूप वाळले होते. मी फोन पुढे केला. चष्मा लावून त्यांनी फोटो बघितला, बोटांनी मोठा करून बघितला. मग प्रश्न सुरू. महिना कोणता? शेवटचा पाऊस कधी झाला होता? जवळ कालवा आहे का? उसाला पाणी कुठून देतात? मी म्हटलं, उसाचं पाणी असू शकतं, मला माहीत नाही. "कबूल केलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण फरशी वर येते, तो पुरावा मी मान्य करतो." मी त्यांना टपरीवाल्याचं बोलणंही सांगितलं. ते त्यांना फोटोपेक्षाही आवडलं. "म्हणजे आमचं नाव पडतं जवळ राहिल्यावर, आणि तुमचं पडतं सोडून गेल्यावर." आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "मीही इंग्लंड सोडलंच की."

त्यांनी एक कोरं कार्ड मागितलं. मी लिहिते म्हटलं, तर ऐकलं नाही. माझं नाव लिहिलं, चिखलीचं नाव लिहिलं, बरोबरची खूण केली. मग शेवटच्या रकान्यापाशी थांबून वर बघितलं.

"तुमच्या दारातून काय दिसतं?"

मी म्हटलं, "कुंपण. बस स्टॉप. तुम्ही नाही दिसत आता."

ते त्यांनी तसंच्या तसं लिहिलं. कार्ड खोक्यात ठेवलं, सगळ्या मार्शांमध्ये, त्या मुलाच्या कार्डामागे. गळ्यात पडणं, डोळे पुसणं हे त्या माणसाच्या कोष्टकात नव्हतंच. कोपऱ्यात ठेवलेली घडीची खुर्ची त्यांनी दाखवली आणि म्हणाले, "डावा पाय सैल आहे. बसताना उजवीकडे झुका."

एप्रिलमध्ये ते गेले. फॉर्मवर माझा नंबर होता म्हणून फोन मला आला. इच्छेप्रमाणे राख ऱ्हाईनच्या काठच्या कुरणात, हिवाळ्यात पाणी चढतं तिथे, विखुरली. आम्ही तिघं होतो, वृद्धाश्रमातली एक नर्स होती आणि आमचा पोस्टमन. पोस्टमनचं आडनाव फान डेन ब्रूक. डचमध्ये ब्रूक म्हणजेही पाणथळ जमीन, म्हणून भाऊसाहेबांनी त्याचंही कार्ड केलं होतं म्हणे. मला त्या दिवशीच कळलं. खोकी त्यांनी आधीच ठरवल्याप्रमाणे इंग्लंडमधल्या आडनावांच्या एका अभ्यासमंडळाकडे आम्ही पाठवली. त्यातलं एकच कार्ड मी ठेवून घेतलं. माझं नव्हे, त्या मुलाचं.

सप्टेंबरात पितृपक्ष लागला. पहाटे उठून वडे तळले, खीर केली. खुर्ची सायकलच्या मागे बांधली आणि गेले. उजवीकडे झुकून बसले. खरं सांगते, मला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं डबा उघडला की पहिला हात ज्यांचा पडायचा तो माणूस नव्हता.

थोड्या वेळाने एक वयस्क इंग्रज जोडपं रांगेतून चालत आलं. हातात नकाशा होता, कोणाचातरी दगड शोधत असावेत. बाई माझ्याजवळ थांबल्या. दगडावरचं नाव वाचलं, खुर्ची बघितली, माझी साडी आणि त्यावरचं जाकीट बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या कुटुंबातले होते का?"

"नाही," मी म्हटलं. "नातं नाही. आडनाव एकच."

बाईंनी वाकून दगडावरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मी डब्याचं झाकण काढून त्यांच्यापुढे वडे धरले.